डोंगरकड्याची वाचणारी

कमलबाईला वाचता येतं, ही गोष्ट डोंगरकड्यात नवी नव्हती. नवं होतं ते हे, की आपल्याला वाचता येत नाही असं तिनं शपथेवर लिहून द्यावं म्हणून तिचाच वकील तिच्या मागे लागला होता. लिहून दिलं तर सुटका. नाही दिलं तर साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी ही बाई बहुतेक तुरुंगात जाणार. गोष्ट इथवर कशी आली हे सांगायचं तर आधी तिचं वाचन सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या वाचनानंच घातला.

शाळेचं तोंड कमलबाईनं कधी पाहिलं नव्हतं. लहानपण गेलं दुसऱ्यांची हळद काढण्यात आणि तरुणपण गेलं स्वतःच्या दोन एकरांत. वाचायला ती शिकली आजी झाल्यावर, आणि तेही स्वतःच्या हौसेनं नव्हे. नात आकांक्षा पहिलीत गेली तेव्हा ती एकटी अभ्यासाला बसायला तयार नसायची. आजी शेजारी बसली तरच पाटी हातात घेणार, असा तिचा हट्ट. मग आजी बसली. नातीनं 'क' गिरवला की आजीनंही गिरवायचा, आणि चुकला की नात तिच्या बोटांवर पट्टी मारायची, कारण शाळेतल्या बाई तसं करायच्या. आजीनं मुकाट्यानं मार खाल्ला आणि शिकली. पुढे नात भराभर वरच्या वर्गांत गेली, शिकून नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स झाली. आजी दुसरीच्या पुस्तकापाशीच थांबली, पण तोवर तिला वाचनाची चटक लागली होती. किराण्याच्या पुडीचा कागद, एसटीवरची पाटी, खताच्या गोणीवरची सूचना, काही सुटायचं नाही. नवरा कोंडीबा म्हणायचा, "आमची बाई जेवायला बसली तरी बिस्कीटच्या पुड्यासंगं बोलून राहती."

गावातल्या बौद्ध विहारात ती वाचायला लागली तेही असंच, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचायची रीत आहे. आधी एक गुरुजी वाचायचे. त्यांची बदली झाली आणि त्या वर्षी ग्रंथ उघडून ठेवलेला, पुढे बायका बसलेल्या, आणि वाचणारं कोणी नाही. शिकलेली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. कमलबाई उठली आणि पुढे जाऊन बसली. पहिल्या पानाला तिचं लुगडं घामानं भिजलं, पण पान तिनं पुरं केलं.

तिचं वाचणं ऐकण्यासारखं होतं, हे कोणीही सांगेल. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही. प्रत्येक शब्दाला त्याची पुरी जागा द्यायची. एखादा शब्द कळला नाही तरी गाळायचा नाही, आणि पदरचा एकही घालायचा नाही. आणि विहारातला नियम असा की वाचणाऱ्याला मधे कोणी थांबवायचं नाही. वाचून झालं की सगळ्यांनी हात जोडून तीनदा 'साधु' म्हणायचं आणि घरी जाऊन भाकरी थापायच्या. वर्षं गेली तशी लोकांना त्या आवाजाची सवय झाली. सवय कसली, विश्वासच बसला. कमलबाईच्या तोंडून आलं ते खरं, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना तसं वाटायला लागलं होतं.

ऐकणाऱ्यांत सखुबाई होती. ती वरच्या आळीतल्या मराठ्याच्या घरची. घरी खंडोबाचे टाक, विहाराशी तिचा काही संबंध नाही. पण हळदीच्या रानात ती आणि कमलबाई तरुणपणापासून एकमेकींच्या शेजारच्या सरीत काम करत आल्या होत्या, आणि संध्याकाळी घरी सुनेची मालिका चालू असायची तेव्हा सखुबाईला बसायला जागा नसायची. पहिल्या वर्षी ती विहाराच्या पायरीवर बसली, दुसऱ्या वर्षी दाराच्या आत आली, आणि नंतर तर सगळ्यांत मोठ्यानं 'साधु' तीच म्हणायची. कोणी टोकलं तर म्हणायची, "चांगलं ऐकायला काय जातीचा दाखला लागतो का?"

अशा या विहारात एका संध्याकाळी माणिकराव येऊन बसला.

माणिकराव जवळा बाजारकडचा. कपडे पांढरे, बोलणं गोड, आणि समोरच्याचं नाव एकदा ऐकलं की कायम लक्षात. त्यानं बायकांची हळद कंपनी काढली होती. हळद आपण पिकवतो, मग ती आपणच शिजवावी, आपणच पॉलिश करावी, आपणच विकावी, मधल्या माणसाच्या घशात काहून घालायची, असं त्याचं म्हणणं. कल्पना चांगली होती. इतकं सगळं झाल्यावरही कमलबाई ते नाकारत नाही. त्यानं तिचं वाचन ऐकलं, हात जोडले, आणि म्हणाला की अशी बाई आमच्या कंपनीच्या मंडळावर पाहिजे. घरी येऊन तिला डायरेक्टर केली, आणि तिच्यामागून विहारातल्या बायकाही थोडे थोडे शेअर घेऊन सभासद झाल्या. मीटिंगला जवळा बाजारला यायची गरज नाही, "तुमाला कशाला तकलीफ," म्हणाला. कागद घरी यायचे, सही घरी व्हायची. कमलबाईला सगळं बराबर वाटलं, आणि थोडा मोठेपणाही वाटला. वाटणारच. आयुष्यभर लोकांनी तिला 'ए' म्हटलं होतं, आणि आता कोणीतरी 'डायरेक्टर मॅडम' म्हणत होतं.

पुढच्या वर्षावासात कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, आत कमलबाईचा पांढऱ्या साडीतला फोटो आणि खाली नाव. तिनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि आठवडाभर सगळ्यांना दाखवला, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. माणिकराव म्हणाला, हा अहवाल सभासदांना वाचून दाखवावा लागतो, कायदाच आहे तसा. बायका रोज विहारात जमतातच, तर ग्रंथ झाल्यावर तुम्हीच वाचा.

कमलबाईनं वाचला. ग्रंथ मिटून कपाळाला लावला, बाजूला ठेवला, आणि त्याच जागी, त्याच आवाजात अहवाल उघडला. 'कंपनीचा जवळा बाजार येथील हळद प्रक्रिया प्रकल्प पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला असून गोदामात तयार मालाचा पुरेसा साठा उपलब्ध आहे.' 'कार्यान्वित' या शब्दावर ती अडखळली. त्याचा नेमका अर्थ तिला माहीत नव्हता. ग्रंथातलेही कितीतरी शब्द तिला माहीत नव्हते, ते वाचता वाचता पुढे कधीतरी उमगायचे. ती पुढे गेली. कोणी मधे थांबवलं नाही, कारण वाचणाऱ्याला मधे थांबवायचं नसतं. शेवटचं पान झालं तेव्हा बायकांचे हात आपसूक जोडले गेले आणि कंपनीच्या वार्षिक अहवालाला सगळ्या विहारानं तीनदा 'साधु' म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं सखुबाईनं. माणिकरावच्या माणसानं कोपऱ्यात बसून लिहून घेतलं, अहवाल एकमतानं मंजूर.

हसू येतं, पण हसण्यासारखं पुढे काही नाही. त्याच आठवड्यात बायकांनी कंपनीचे आणखी शेअर घेतले. सखुबाईनं म्हैस विकली. कमलबाईनं स्वतःच्या पाटल्या मोडल्या.

जवळा बाजारला जाऊन तो प्रकल्प बघावा असं कोणालाच वाटलं नाही. डोंगरकड्याहून ते काही परदेश नव्हे, पण वाचून झालेली गोष्ट पुन्हा डोळ्यांनी कशाला बघायची. शेवटी बघितली ती सखुबाईनंच, आणि तेही ध्यानीमनी नसताना. भाचीच्या बाळंतपणाला ती तिकडे गेली होती. आठवडी बाजार होता, म्हणून म्हणाली आपला कारखाना कुठंय तो तरी बघून येऊ. विचारत विचारत माळावर पोचली. तिथं चार भिंती होत्या. वर पत्रा नव्हता, आत यंत्र नव्हतं, आणि कोणाच्या तरी शेळ्या सावलीला बसल्या होत्या. अहवालात छापलेला बॉयलरचा फोटो दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचा निघाला. माल नव्हता, गोदाम नव्हतं, आणि पैशांचं माणिकरावनं काय केलं ते माणिकरावलाच ठाऊक.

सखुबाई सरळ पोलिसांत गेली. फिर्यादीत दोन नावं घातली. एक माणिकरावचं आणि दुसरं वाचणारीचं.

दोघी मैत्रिणींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. खटला उभा राहिला. माणिकरावनं स्वतःसाठी लावलेला वकीलच कमलबाईलाही दिला, आणि त्यानं तिला शिकवलं की कोर्टानं काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं. तिनं ते म्हटलं. सखुबाईनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून एकच गोष्ट सांगितली, "कमलनं वाचलं म्हणून आमी इस्वास ठेवला." ते ऐकून कमलबाईनं मान खाली घातली. आणि कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण त्याच वेळी कुठंतरी बरंही वाटलं. इतक्या वर्षांच्या वाचनाचं कोणीतरी नाव काढलं, ते निघालं भर कोर्टात आणि तिच्या विरुद्ध. खालच्या कोर्टानं दोघांनाही फसवणुकीची शिक्षा दिली. अपील होईपर्यंत जामीन मिळाला, आणि कमलबाई घरी आली.

घरी आल्यावर तिनं ग्रंथाला हात लावला नाही. कोणी मनाई केली नव्हती. तीच गेली नाही. विहारात मग मोबाईलवर कोणाचं तरी रेकॉर्ड केलेलं वाचन स्पीकरला लावायला लागले. आवाज मोठा छान, रेडिओवरच्यासारखा. बायका भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या.

अपिलाला नवा वकील केला, हिंगोलीचा प्रेमानंद. तरुण, हुशार, आणि फी मागताना संकोचणारा. त्यानं सगळे कागद वाचले आणि त्याला एक फट सापडली. त्याचं म्हणणं साधं होतं. शिक्षा टिकायची तर अहवाल खोटा आहे हे बाईला माहीत होतं, असं सरकारला दाखवावं लागणार. बाईला वाचताच येत नसेल तर माहीत कुठून असणार? शाळेत नाव नाही, दाखला नाही, सही म्हणजे नाव गिरवायला शिकलेली. साक्षीदार म्हणतात तिनं वाचलं, तर आपण म्हणायचं, तिला पाठ करून घ्यायला लावलं आणि कागद नुसता हातात होता. तसं शपथपत्र द्यायचं, विषय संपला. उलट वाचता येतं असं कबूल केलं तर सरकारी वकील म्हणणार, वाचता येतं, डायरेक्टर होती, सही केली, चारचौघांत वाचून दाखवलं, मग माहीत नव्हतं कसं? प्रेमानंदनं शपथपत्र टाईप करून आणलं आणि हिंगोलीच्या आपल्या कचेरीत तिच्यासमोर ठेवलं. कोंडीबा शेजारी बसला होता.

कमलबाईनं चष्मा लावला. आता ती कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नव्हती, एवढं शहाणपण खटल्यानं दिलंच होतं. कागद जवळ घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली, त्याच सावकाश आवाजात, प्रत्येक शब्दाला पुरी जागा देत.

"मी, कमलबाई कोंडीबा, शपथेवर लिहून देते की, मी अशिक्षित असून मला मराठी वाचता येत नाही."

ती थांबली. प्रेमानंदनं खाली बघितलं. बाहेरच्या टेबलावर टाईप करणारा मुलगा तोंडावर हात ठेवून हसत होता. खाली एक ओळ आणखी होती, ती कमलबाईनं मनातल्या मनात वाचली. वरील मजकूर मला वाचून दाखवला व तो मला समजला, असं ते होतं.

"हे मला न्हाई जमायचं, साहेब," ती म्हणाली.

प्रेमानंद चिडला. चिडायला कारण होतं, बिचारा जीव तोडून काम करत होता. तुम्ही तुमच्या हातानं पायावर धोंडा मारून घेताय, म्हणाला. कोंडीबा तर रडकुंडीलाच आला. या वयात तू आत गेलीस तर मी काय करू, मला भाकरी थापता येत नाही, असं त्यानं भर कचेरीत सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं बायकोवरचं प्रेम बोलून दाखवलं ते हे एवढंच, आणि कमलबाईला ते कळलं. तिनं त्याचा हात धरला, पण सही केली नाही. विचार करून सांगते म्हणाली, कागद पिशवीत घातला, आणि दोघं एसटीनं घरी आली.

चार दिवसांनी आकांक्षा नांदेडहून आली. कोंडीबानंच तिला बोलावून घेतलं होतं. त्याचा हिशेब असा की नातीचा शब्द आजी मोडत नाही. आकांक्षानं शपथपत्र वाचलं, घडी केली, आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आजी, कर सही. मी शिकवलं म्हणून तू अडून राहिलीस ना? मला काही न्हाई वाटणार. तू घरी पायजेस मला."

इतकी मोकळीक मिळाल्यावर दुसऱ्या कोणीही सही केली असती. मीही केली असती, कोणाला शपथेवर विचारायचं तर विचारा. कमलबाईनं मात्र नातीकडे बघितलं आणि आपली बोटं पुढे केली, पहिलीतली पोर पट्टी मारायची तीच बोटं.

"तुझ्यासाठी न्हाई, बाई," ती म्हणाली. "त्या बायकांनी माझ्या वाचण्यावर म्हशी इकल्या. आता म्या कोर्टात म्हणू, की मला वाचताच येत न्हाई? मंग त्यांनी कोणाचं ऐकलं? त्यांला येडं ठरवून मी सुटू का?"

आकांक्षानं कागद उचलला आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवला. प्रेमानंदला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, खरंच सांगू, पण मी कशाची खात्री देत नाही.

अपिलाची सुनावणी हिंगोलीला होती. कमलबाई आली, कोंडीबा आला, आकांक्षा रजा टाकून आली. मागच्या बाकांवर सखुबाई आणि आणखी काही बायका येऊन बसल्या होत्या. आपले पैसे बुडवणाऱ्यांचं काय होतं ते बघायचा त्यांना हक्क होता. माणिकरावचा वकील बराच वेळ बोलला. अहवाल म्हणजे पुढच्या आशा मांडलेल्या असतात, असं काहीतरी त्याचं म्हणणं होतं. मग प्रेमानंद उभा राहिला आणि त्यानं सरळ सांगितलं की माझ्या पक्षकाराला वाचता येतं, अहवाल तिनंच वाचला, आणि तो खोटा आहे हे तिला माहीत नव्हतं. स्वतःच्या पाटल्या मोडून तिनं शेअर घेतले, त्याचा कागदही त्यानं पुढे केला. सरकारी वकील अपेक्षेप्रमाणे उठले आणि म्हणाले, डायरेक्टर बाई अहवाल वाचून दाखवते आणि तिला त्यातलं काही माहीत नसतं, हे पटतं का?

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कमलबाईला पुढे बोलावलं आणि विचारलं, वाचता येतं ना? येतं, कमलबाई म्हणाली. मग हे वाचा, असं म्हणून त्यांनी अहवालाचं तेच पान तिच्या हाती दिलं. कसं वाचलं होतं तसंच वाचा, म्हणाल्या.

कमलबाईनं चष्मा पुसला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. कोर्टात पंखे चालू होते, दारात वकिलांची ये-जा चालू होती, ती हळूहळू थांबली. 'कंपनीचा जवळा बाजार येथील हळद प्रक्रिया प्रकल्प पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला असून,' ती वाचत गेली, न चढवता, न पाडता, एकही शब्द न गाळता. जे खोटं आहे हे आता तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, ते त्या आवाजात ऐकताना पुन्हा खरं वाटायला लागलं. पान संपलं. तिनं कागद खाली घेतला.

आणि मागच्या बाकावरून सखुबाईच्या तोंडून निघून गेलं, "साधु."

निघालं आणि लगेच तिनं पदर तोंडात कोंबला. शेजारच्या दोघींचे हात जोडलेले होते, ते त्यांनी घाईघाईनं मांडीखाली लपवले. शिपाई 'शांत बसा' म्हणाला. न्यायाधीश बाईंनी मान वर करून मागच्या बाकाकडे बघितलं आणि तशाच थोडा वेळ बघत राहिल्या. फिर्याद करणारी बाई, फसवली गेलेली बाई, डोळ्यांनी भिंती बघून आलेली बाई, तिच्याच तोंडून आत्ता त्या खोट्या पानाला 'साधु' निघालं होतं.

मग त्यांनी कमलबाईला विचारलं, हा प्रकल्प तुम्ही कधी बघितला होता का?

"न्हाई," कमलबाई म्हणाली. "बघायला पायजे व्हतं. चुकलं ते माझं. पर छापलेलं व्हतं, बाई. आमी जलमभर एकच पुस्तक वाचलेलं. त्यात खोटं नव्हतं."

न्यायाधीश बाईंनी काही तरी लिहून घेतलं आणि निकालाची तारीख दिली.

कोर्टातून बाहेर आल्यावर सखुबाई लिंबाच्या झाडाखाली उभी होती. एसटीत सखुबाईच्या शेजारीच तेवढी एक जागा होती, आणि ती थोडी सरकली. कमलबाई बसली. डोंगरकड्यापर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निकालात माणिकरावची शिक्षा कायम राहिली आणि कमलबाई सुटली. निकालपत्र मराठीत मागवून घेऊन तिनं स्वतः वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर आरोपी महिलेनं अहवाल वाचून दाखवला, परंतु तो खोटा असल्याचं तिला ज्ञान होतं असं दिसून येत नाही. 'ज्ञान' या शब्दापाशी ती थांबली. सुटल्याचा आनंद सगळ्या घराला झाला, कोंडीबानं गावात पेढे वाटले. कमलबाईनं पेढा खाल्ला, पण ते वाक्य तिच्या गळ्याखाली उतरलं नाही. वाचलं पण माहीत नव्हतं, हे कोर्टानं तिच्या बाजूनं लिहिलं होतं, आणि ते खरं होतं, आणि तिला तेच लागलं. कोंडीबाला ती म्हणाली, सुटले ती माझ्या अडाणीपणावर, शहाणपणावर न्हाई.

आषाढी पौर्णिमा आली. विहारातल्या मंडळींनी येऊन तिला बोलावलं. मोबाईलचा आवाज पुरे झाला, म्हणाले. कमलबाई गेली. ग्रंथ डोक्याला लावला, उघडला, आणि वाचायच्या आधी समोर बसलेल्यांना म्हणाली, एक गोष्ट बदलायची आहे. आजपासून वाचणाऱ्याला मधे थांबवायचं. कळलं नाही की हात वर करायचा. लाजायचं नाही. मला स्वतःला कळलं नाही तर मी पण थांबणार. जुन्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एका म्हाताऱ्यानं रीत मोडते असं काही पुटपुटून बघितलं, पण कमलबाईनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मोठी माणसंही कधी कधी चांगली हट्टी असतात आणि ते बरं असतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसऱ्याच्या मध्यावर दाराजवळून हात वर झाला. सखुबाईचा. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच विहारात आली होती, आणि पुन्हा पायरीपाशीच बसली होती.

"कमल," ती म्हणाली, "थांब जरा. ह्या शब्दाचा अर्थ काय म्हणायचा?"

कमलबाईनं तो शब्द पुन्हा वाचला. मग ग्रंथावरून बोट न काढता वर बघितलं, आणि कित्येक महिन्यांत कोणी बघितलं नव्हतं असं मोकळं हसली.

"मला बी न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "ये, पुढं येऊन बस. दोघी मिळून बघू."

सखुबाई उठून पुढे आली. त्या संध्याकाळी अर्धंच पान झालं आणि सगळ्यांच्या भाकऱ्यांना उशीर झाला.